पांढऱ्या पेशींची वाट

त्वचेवर गळूं आलें, कीं तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो आणि शेवटीं पू धरतो. पुवांतील पेशी येतात कोठून, या वरवर साध्या प्रश्नानें एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय वैद्यकांत मोठा वाद माजविला. त्या जागच्या जागींच निपजतात, असें बर्लिनचे प्राध्यापक रुडोल्फ विर्शो यांचें मत होतें. आणि विर्शोंचें मत म्हणजे त्या काळीं ब्रह्मवाक्यच. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरानें १८४६ मध्यें बेडकाच्या जिभेंत पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडतांना पाहिल्या होत्या. पण ती नोंद धूळ खात पडली.

विर्शोंचाच साहाय्यक युलियस कोनहाइम यानें १८६७ मध्यें या वादाचा निकाल लावला. त्यानें बेडूक निश्चल करून त्याच्या आंतड्यास धरून ठेवणारा पातळ, पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं पसरला. उघडा पडल्यामुळें तेथें दाह सुरू झाला. प्रथम वाहिन्या रुंदावल्या, मग रक्ताचा ओघ मंदावला. पांढऱ्या पेशी प्रवाहाचा मध्य सोडून कांठाकडे सरल्या आणि शिरेच्या भिंतीला आंतून फरसबंदीसारख्या चिकटल्या. तासन्‌तास डोळा लावून बसल्यावर भिंतीच्या बाहेरच्या अंगास एक बारीक टोंक दिसलें. तें वाढत गेलें, आंतला भाग आकसत गेला, आणि अखेर अख्खी पेशी भिंत ओलांडून बाहेर आली! तो निबंध छापला गेला विर्शोंच्याच नियतकालिकांत. गुरूच्या मोठेपणाचें याहून दुसरें गमक नको.

या पेशी धांवतात कशासाठीं, याचें उत्तर एली मेचनिकॉफ याला १८८२ मध्यें सिसिलींतील मेसिना येथें सांपडलें. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत त्यानें गुलाबाचा कांटा खुपसला. सकाळीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला गिळण्यासाठींच त्या जमत होत्या.

पण गिळावयास परका कोणी नसेल तर? सोरायसिस या त्वचारोगांत शरीराच्या रक्षक पेशी आपल्याच कातडीवर उलटतात. अशा कातडीच्या वरच्या थरांत पांढऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके असतात, हें मन्रो यानें १८९८ मध्यें दाखविलें. त्यांची वाट अडवावयाची, तर त्या भिंतीला चिकटतात कशानें हें कळणें अवश्य होतें. तें कळावयास विसावें शतक संपत यावें लागलें. पेशीवरील एलएफए-१ हें प्रथिन भिंतीवरील आयकॅम-१ या प्रथिनास हातासारखें धरतें. तोच हात बांधून ठेवणारें एफालिझुमॅब हें औषध अमेरिकेंत २००३ मध्यें सोरायसिसवर मंजूर झालें. बऱ्याच रोग्यांचे चट्टे निवळले. परंतु मेंदूवर पहारा करणाऱ्या पेशीही त्याच हाताचा आधार घेतात. अनेकांच्या शरीरांत मुकाट पडून असणाऱ्या जेसी विषाणूनें कांहीं रोग्यांचा मेंदू ग्रासला, मृत्यु ओढवले, आणि २००९ मध्यें तें औषध बाजारांतून काढून घेण्यांत आलें.