पाहण्याची विद्या

शिक्षकाने बोलावे आणि मुलांनी मुकाट ऐकावे, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिरस्त्याला ज्या विदुषीने सर्वांत मोठा धक्का दिला, त्या मारिया माँटेसोरी पेशाने डॉक्टर होत्या, याचे मला नवल वाटत नाही. कारण औषध देण्यापूर्वी लक्षणे निरखावीत, हा वैद्याचा पहिला धर्म होय. रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत जानेवारी 1907 मध्ये त्यांनी बालगृह उघडले. तेथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणावयास लावले, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले. पण दट्टे मांडीवर गोळा करून तिने आपले काम पुढे चालू केले, आणि चाळीसहून अधिक आवर्तने झाल्यावर, झोपेतून उठावे तशी प्रसन्न होऊन ती थांबली. बालकाचे चित्त चंचल असते, हा सिद्धान्त त्या दिवशी डळमळला.

हीच दृष्टी आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून 1920 साली भावनगरच्या बालमंदिरात आणली, आणि तेथेच ताराबाई मोडक यांनी तिची दीक्षा घेतली. परंतु ताराबाईंची खरी थोरवी मला दिसते ती पुढे, 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डीस अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्यांनी जे काम आरंभिले त्यात. हरिजन वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना दोष न देता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ती अंगणवाडी झाली. आणि महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली, कारण मुलाचे लक्ष वस्तूच्या किमतीवर अवलंबून नसते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण आहार, लसीकरण, वजन, हजेरी यांच्या नोंदी आवश्यकच आहेत, त्यांनी पोरे जगवली आहेत. परंतु आज कोणते मूल कशात किती वेळ रमले, हे निरखण्याला त्या दप्तराच्या भाराखाली सेविकेस उसंत उरत नाही, ही खंत मला बोलून दाखवलीच पाहिजे. तिचे निदान निम्मे दप्तर सरकारने उतरवावे, आणि रोज अर्धा तास तिला मुलांजवळ नुसते पाहत बसू द्यावे.