फायलीवरची वेळ आणि सेकंदाचे तुकडे

सुरतेच्या कापड उद्योगात संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे आता नित्याची झाली आहेत. नक्षी संगणकावर तयार होते, पेन ड्राइव्हवर उतरते आणि तो यंत्राला लावला की ओळीने बसवलेल्या सुया एकाच वेळी तीच नक्षी कापडावर काढू लागतात. रंगांचा क्रम चुकला म्हणून नक्षी दुरुस्त केली आणि पेन ड्राइव्हवर मात्र जुनीच फाईल राहिली, तर कापड वाया जाते. दोन फायलींतली नवी कोणती, हे माणूस आठवणीने सांगतो. नक्कल करणारी आणि साठवण जुळवणारी साधने बहुधा दोनच गोष्टी पाहतात : फाईलचा आकार आणि ती शेवटची बदलल्याची वेळ. रंगांचा क्रम बदलल्याने आकार बदलेलच असे नाही. मग सारी भिस्त वेळेवर येते, आणि ही वेळ सगळीकडे सारख्या बारकाईने लिहिलेली नसते.

पेन ड्राइव्हवर बहुतेकदा फॅट कुळातली फाईलव्यवस्था असते. ती डॉसच्या काळातली. तीत दिवसाची वेळ १६ बिटांत बसवली आहे. तासाला ५ आणि मिनिटाला ६ बिट दिल्यावर सेकंदासाठी ५ उरतात. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, साठ मावत नाहीत. म्हणून सेकंद दोन-दोनच्या पायरीने मोजले जातात. फॅटवरच्या फाईलची बदलाची वेळ विषम सेकंदावर कधीच पडत नाही. नंतर आलेल्या एक्सफॅटमध्ये ही पायरी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत खाली आली.

विंडोजची एनटीएफएस व्यवस्था याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ती १ जानेवारी १६०१ पासून लोटलेला काळ १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. १६०१ हे वर्ष ग्रेगोरियन पंचांगाच्या चारशे वर्षांच्या आवर्तनाचे पहिले वर्ष म्हणून निवडले गेले. योगायोग असा की त्याच शतकात या किनाऱ्यावर दोन पंचांगे चालत होती. गोव्यातले पोर्तुगीज ग्रेगोरियन तारीख लिहीत, तर सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुनी ज्युलियन तारीख. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये सोडली. सतराव्या शतकात एकाच दिवसाच्या या दोन नोंदींत दहा दिवसांचे अंतर पडे. दोन्हीकडचे कागद जुळवताना कोणता कागद कोणत्या पंचांगाने लिहिला आहे, हे आधी पाहावे लागते. संगणकाच्या साधनांपुढचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

युनिक्सने १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले आणि दीर्घकाळ पूर्ण सेकंदच नोंदवले. लिनक्सची एक्स्ट३ व्यवस्था आणि अ‍ॅपलची एचएफएस प्लस यांचीही मर्यादा तीच होती. २००८ च्या पॉझिक्स मानकाने फाईलच्या नोंदीत नॅनोसेकंदांना जागा दिली. एक्स्ट४ आणि अ‍ॅपलची एपीएफएस या व्यवस्था तेवढी बारकाई ठेवतात.

अडचण या दोन टोकांच्या मध्ये उभी राहते. समजा, नक्षी ११:४२:०६.९ वाजता साठवली. एनटीएफएसवर ती वेळ तशीच राहते. विंडोजमधून तीच फाईल फॅटच्या पेन ड्राइव्हवर गेली की वेळ पुढच्या सम सेकंदाकडे, म्हणजे ११:४२:०८ कडे सरकते. नक्कल मूळ फाईलपेक्षा नवी दिसू लागते! वेळ काटेकोरपणे ताडणारे साधन अशा वेळी काही न बदललेल्या हजारो फायली पुन्हा पुन्हा उतरवत बसते. ‘जी नवी ती खरी’ या नियमाने चालणारे साधन तर पेन ड्राइव्हवरची प्रत मूळ संगणकावर परत लिहू शकते.

यावर उतारा जुना आहे. विंडोजच्या रोबोकॉपीला दोन सेकंदांची फॅट-वेळ गृहीत धरण्याची सूचना देता येते. आरसिंकमध्ये ‘मॉडिफाय विंडो’ हा पर्याय आहे. तो १ ठेवला की एका सेकंदापर्यंतचा फरक माफ होतो. आरसिंक मुळात पूर्ण सेकंदच ताडते. नॅनोसेकंद पाहायला लावायचे तर हाच आकडा उणे द्यावा लागतो. अनेकांना हे ठाऊक नसते.

मात्र माफीचीही किंमत असते, आणि ती अधिक घातक आहे. एखादी प्रणाली शेकडो नक्ष्या ओळीने रूपांतरित करत असताना मध्येच बॅकअप सुरू झाला, एक फाईल उचलली गेली आणि त्याच सेकंदात ती पुन्हा लिहिली गेली, आकार तोच. पूर्ण सेकंद पाहणाऱ्या साधनाला दोन्ही फायली सारख्या दिसतात. जुनी प्रत बॅकअपमध्ये तशीच राहते आणि पुढच्या कोणत्याही फेरीत ती सुधारत नाही. गरज पडेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. गिट या प्रणालीने हा धोका ओळखून वेगळी तजवीज केली : फाईलची वेळ गिटच्या स्वतःच्या सूचीइतकी किंवा तिच्यानंतरची असेल, तर वेळेवर विश्वास न ठेवता मजकूरच तपासला जातो.

नऊ दशांश स्थळे दिसली म्हणजे घड्याळ तेवढे बारीक चालते, असेही नाही. लिनक्सचे गाभ्याचे घड्याळ फाईलला वेळ देताना काही मिलिसेकंदांच्या टिकटिकीवर चालत आले. त्या अवधीत दोनदा लिहिलेल्या फाईलला दोन्ही वेळा तीच वेळ मिळे. जानेवारी २०२५ च्या ६.१३ आवृत्तीत, कोणी वेळ विचारल्यानंतर पुन्हा बदल झाला तर अधिक बारीक वेळ देण्याची सोय आली.

वाटेतही आकडे गळतात. टारच्या जुन्या स्वरूपात पूर्ण सेकंदच राहतात. दशांश हवे असतील तर पॅक्स स्वरूप निवडावे लागते. झिपची मूळ नोंद डॉसचीच, दोन सेकंदांची. पायथनसारख्या भाषेत वेळ दशांश अपूर्णांक म्हणून घेतली तर आजच्या तारखांना तिची बारकाई सुमारे २३८ नॅनोसेकंदांवर अडते, म्हणून २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून नॅनोसेकंदांचा पूर्णांक वेगळा मिळतो. परतवलेली वेळ मूळ वेळेहून किंचित मागे पडली तरी ‘मेक’सारखे साधन नक्कल जुनी समजून काम पुन्हा करते. अशा फायलींसाठी ‘मेक’मध्ये कमी बारकाईची वेळ गृहीत धरण्याचा खास निर्देश ठेवलेला आहे.

फॅटचा आणखी एक दोष सुरतेच्या हिरे व्यवहारात सहज अनुभवास येईल. ती स्थानिक वेळ लिहिते, पण कुठली ते लिहीत नाही. सुरतेत दुपारी ३ वाजता पेन ड्राइव्हवर साठवलेली फाईल अँटवर्पच्या संगणकावरही ३ वाजताचीच दिसते. तिथे हिवाळ्यात त्या क्षणी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्याच सकाळी ई-मेलने पाठवलेल्या प्रतीशेजारी ती साडेचार तासांनी नवी भासते. अशा वेळी दोन सेकंदांची माफी काही कामाची नाही.

वेळेचा आकडा कोणीही बदलू शकतो. युनिक्समध्ये त्यासाठी ‘टच’ ही साधी आज्ञा आहे आणि ती नॅनोसेकंदापर्यंत हवी ती वेळ लावते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, नमूद करावा लागतो. बॅकअपलाही तोच मार्ग खुला आहे. आरसिंकच्या चेकसम पर्यायाने वेळ बाजूला ठेवून फायलींचा मजकूर ताडता येतो. त्याला वेळ बराच लागतो, कारण प्रत्येक फाईल दोन्ही बाजूंना पूर्ण वाचावी लागते. म्हणून रोजची फेरी वेळ आणि आकार पाहून करावी, आठवड्यातून एकदा मजकुराची फेरी घ्यावी आणि यंत्राला लावण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरची नक्षी उघडून पाहावी.