खिशातली अक्षरे

पावसाळ्याच्या तोंडावर मुलुंडच्या घरातला माळा आवरत होतो. प्लॅस्टिकचा एक डबा हाती लागला. आत सात फ्लॉप्या आणि प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेले, 'स्मरणिका १९९८'. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या त्या स्मरणिकेसाठी जुन्या रहिवाशांनी आठवणी लिहून दिल्या होत्या. त्यांतले बहुतेक जण आता नाहीत. शेजारच्या मुलाने विचारले, "काका, यात किती जीबी बसतं?" म्हटले, "बाबा रे, एका जीबीसाठी अशा सातशे लागतील!"

एका यंत्रातली माहिती दुसरीकडे न्यायची खटपट आपल्या उपनगरांना नवी नाही. साठच्या दशकात पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक आला. त्या काळी प्रोग्रॅम कागदाला भोके पाडून नोंदवत. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झाले. तिथले सॉफ्टवेअर सुरुवातीला चुंबकीय फितीवर भरून, चक्क सामानासारखे विमानाने परदेशी जाई.

आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणलेली फ्लॉपी आठ इंची होती आणि खरोखरच लवचीक होती. नाव त्यावरूनच पडले. पुढे सव्वापाच इंची आली. १९८१ मध्ये सोनीने कडक कवचातली साडेतीन इंची आणली आणि १९८७ पासून तिच्यात १.४४ एमबी मावू लागले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घाटकोपर, बोरिवलीसारख्या स्टेशनांबाहेर डीटीपीची छोटी दुकाने निघाली. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक तिथे जुळवले जात आणि फ्लॉपीवरून छापखान्यात पोचत. लोकलच्या गर्दीत माणसे पाकिटाइतकीच खिशातली फ्लॉपी जपत. नुसता मजकूर असेल तर आख्खे पुस्तक एकीत बसे. छायाचित्रे आली की फाइलचे तुकडे करावे लागत. पाच फ्लॉप्या सुरळीत चालायच्या आणि सहावी रुसायची. मग पुन्हा दुकानाची वारी!

१९९६ मध्ये यूएसबी जोडणी आली. तिच्या घडणीत बडोद्यात शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. २००० मध्ये पहिले पेन ड्राइव्ह विक्रीला आले. त्यांत आठ एमबी, म्हणजे पाच फ्लॉप्यांहून अधिक मावत, त्याचेच तेव्हा अप्रूप होते. २०११ मध्ये सोनीनेही फ्लॉपीची विक्री थांबवली.

साधन लहान होत गेले, पोट मोठे होत गेले. पण 'सेव्ह केले' म्हणजे जपले, हा आपला समज तेवढा बदलला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरले. संगणक बुडाला आणि त्याच टेबलाच्या खणातली फ्लॉपीही बुडाली, तर दोन प्रती असून उपयोग काय?

माझ्या घरात पाणी शिरले नव्हते. तरी काय झाले पाहा. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. सातांपैकी चार फ्लॉप्यांना मुंबईच्या दमट हवेने बुरशी धरली होती. तीन उघडल्या, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा! कारण साधे होते. त्या काळी मराठी फाँट बनवणारी प्रत्येक कंपनी आपापला संकेत वापरी. तो फाँट नसला की संगणकाला ते मराठी आहे हेच कळत नसे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती. पण ती आपल्या रोजच्या टंकलेखनात रुजायला पुढे बरीच वर्षे गेली. सुदैवाने जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आज मिळतात. तीन फ्लॉप्यांतल्या आठवणी वाचता आल्या.

उरलेल्या चार? त्यांतला मजकूर मिळाला तो एका वाचनालयाच्या कपाटात, स्मरणिकेच्या छापील प्रतीत. वीज नको, फाँट नको. नुसते पान उलटायचे.

इंद्रायणीत बुडालेली तुकोबांची गाथा तरली, कारण ती लोकांच्या मुखी होती, असेही सांगतात. पोथ्या टिकल्या त्याही कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्या उतरवून घेतल्या म्हणून. पेन ड्राइव्हही अमर नाही. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला तर तो भार ओसरू शकतो.

म्हणून घरातले मोलाचे लिखाण, फोटो, आवाज यांच्या निदान तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या घरी असावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि दर काही वर्षांनी सगळे नव्या साधनावर उतरवून उघडून पाहावे. फार मोलाचे असेल ते कागदावर छापून ठेवावे.

आमची स्मरणिका आता पुन्हा टंकून झाली आहे. तिची एक प्रत शेजारच्या त्या मुलाकडे दिली आहे. ती पुढे उतरवायचे काम आता त्याचे.