गवतातले दोन शेजारी

श्रोतेहो, हरवलेल्या प्राण्यांचा विषय निघाला की मला एक रानडुक्कर आणि एक बदक जोडीनेच आठवतात. दोघांचे घर एकच. हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि ब्रह्मपुत्रेचे खोरे, म्हणजे माणूस बुडेल एवढे गवत आणि मधूनमधून दलदल.

बदकाला हिंदीत गुलाबसिर म्हणत. अंग काळपट तपकिरी, नराचे डोके आणि मान गुलाबी, अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल. मांस बेचव, असे शिकारीच लिहून गेले आहेत. तरी रंगापायी त्याची शिकार झाली. दलदली उपसून शेती आली. खात्रीची शेवटची नोंद बिहारमधल्या दरभंग्याची, १९३५ सालची. काही पक्षी इंग्लंडमध्ये एका धनिकाच्या बागेत शोभेला ठेवले होते. तिथे त्यांना पिल्ले झाली नाहीत आणि ते एकेक करून मेले. उरली ती संग्रहालयांतली पेंढा भरलेली कातडी, सुमारे ऐंशी. म्यानमारमध्ये अलीकडे, २०१७ मध्येसुद्धा, शोध घेतला गेला. बदक सापडले नाही.

डुकराचे नाव पिग्मी हॉग. उंची वीतभराहून थोडी जास्त. १८४७ मध्ये ब्रायन हॉजसनने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे तेही नाहीसे झाले असे धरले गेले होते. पण १९७१ मध्ये आसामात गवताला वणवा लागला आणि जीव वाचवायला काही डुकरे चहाच्या मळ्यात शिरली. दरवर्षीच्या ज्या आगी त्यांच्या मुळावर आल्या होत्या, त्यांतल्याच एकीने ती जगासमोर आणली!

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९९६ मध्ये मानसच्या अरण्यातून अवघी सहा डुकरे धरून गुवाहाटीजवळ, त्यांच्याच मुलखात, त्यांची पैदास सुरू केली. बदकाच्या वाट्याला आलेले तळे परदेशातले होते, आणि हौसेचे. इथे पिल्ले झाली. २००८ मध्ये सोनाई-रूपाई अभयारण्यात पहिली तुकडी सोडली, मग ओरांग, बरनदी आणि मानसमध्येही. त्यांच्याबरोबर एक ऊही वाचली. ती या डुकराखेरीज दुसऱ्या कोणाच्या अंगावर राहत नाही!

२०१९ मध्ये डुकराचा धोका एका पायरीने कमी धरला गेला. लगेच २०२० मध्ये आसामातल्या पाळीव डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि गवताला आगी अजूनही लागतात.