मागच्या ॲक्सलचा मागोवा

2005 ते 2014 या काळात बनलेली फोर्ड मस्टँग ज्याच्याकडे आहे, आणि जो ती एरवी रस्त्यावर आणि सुटीच्या दिवशी ट्रॅकवर चालवतो, तो मागचे सस्पेन्शन सुधारायला निघाला की लवकरच एका दुफाट्यावर येतो. मूळचा पॅनहार्ड दांडा काढून त्याहून भक्कम, लांबी कमीजास्त करता येणारा दांडा लावायचा, की तो उतरवून त्या जागी वॅटची जोडणी बसवायची? सुट्या भागांच्या दुकानात ही दोन्ही नावे नव्या मालासारखी मांडलेली असतात. त्यांचा माग काढत गेलो तर आपण मोटारीच्या जन्माच्या शंभर वर्षे मागे, वाफेच्या इंजिनापाशी पोहोचतो.

जेम्स वॅटपुढची अडचण अशी होती. जुन्या इंजिनांत वाफ दट्ट्याला एकाच दिशेने काम करायला लावी, म्हणून दट्ट्या आणि वरची तुळई साखळीने जोडली तरी चालत असे. वॅटने 1782 साली दोन्ही बाजूंनी वाफ सोडणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. आता दट्ट्या ओढणारही होता आणि ढकलणारही, पण साखळीने ढकलता येत नाही. शिवाय तुळईचे टोक कमानीत फिरते आणि दट्ट्याला सरळ रेषेतच जावे लागते. 1784 च्या पेटंटात वॅटने यावर तोडगा दिला. समोरासमोरून येणाऱ्या दोन भुजांची टोके एका आखूड पट्टीने जोडली की त्या पट्टीचा मध्यबिंदू जवळजवळ सरळ रेषेत वरखाली होतो. एका भुजेची कमान उजवीकडे ओढते तेवढीच दुसरीची डावीकडे. 1808 साली मुलाला लिहिलेल्या पत्रात वॅटने कळवले की आपल्या सर्व यांत्रिक शोधांत आपल्याला या रचनेचाच अधिक अभिमान वाटतो. ज्याच्या इंजिनाने जग बदलले, त्याने एका जोडणीला हा मान द्यावा, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरी वाट घोडागाडीतून येते. 1804 साली इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने लंबगोल कमानपाट्यांचे पेटंट घेतले आणि बग्गीला जड लाकडी सांगाड्याची गरज उरली नाही. मोटारीने हे पाटे जसेच्या तसे उचलले. पुढे हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावाने रूढ झालेल्या मांडणीत तर गाडीचे वजन पेलणे, ॲक्सलला पुढेमागे आणि आडवे सरकू न देणे, इंजिनाच्या जोराने त्याला पिळू न देणे, ही सारी कामे पाट्यांवरच पडली. रचना स्वस्त आणि टिकाऊ होती, म्हणून ती टिकली. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली तेव्हा तिच्या मागच्या चाकांखाली हेच पाटे होते. पुढच्याच वर्षी कॅरोल शेल्बी यांच्या जीटी 350 मध्ये ॲक्सलची पिळवट रोखणारे दांडे बसवले गेले. पाट्यांवरचे एक काम तेवढे काढून घेतले होते.

पॅनहार्ड दांडा याच विचाराचा. पॅरिसच्या पॅनहार्ड-लेव्हासोर कंपनीचे नाव मिरवणारा हा आडवा दांडा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. एक टोक ॲक्सलला, दुसरे गाडीच्या अंगाला. त्याने ॲक्सलला डावीउजवीकडे जाऊ द्यायचे नाही. पाट्यांची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगांनी घेतल्यावर त्याचे महत्त्व वाढले, कारण अशी स्प्रिंग वजन पेलते, ॲक्सलला जागेवर धरून ठेवत नाही.

याच काळात काहींनी मागचा अखंड ॲक्सलच मोडीत काढला. एडमंड रुम्प्लरने 1903 साली झुलत्या अर्ध्या ॲक्सलांचे पेटंट घेतले. त्या वाटेने 1960 ची शेव्हरोले कॉर्व्हेअर आली, आणि 1965 साली राल्फ नेडर यांच्या मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तकातील पहिले प्रकरण तिच्यावर आले. पण दी दिओं-बूतों कंपनीतल्या शार्ल त्रेपार्दू याचे स्मरण मला जास्त अगत्याचे वाटते. डिफरन्शिअलचे ओझे चाकांवरून काढून सांगाड्यावर टांगायचे आणि चाके मात्र एका नळीने जोडलेली ठेवायची, ही कल्पना त्याची. तो वाफेचा कट्टर अभिमानी होता; कंपनी पेट्रोलकडे वळली तेव्हा, 1894 साली, तो बाहेर पडला. त्या नळीला नाव मात्र मालकाचे, दी दिओंचे, राहिले. 1937 च्या मर्सिडीज डब्ल्यू 125 या शर्यतीच्या गाडीत त्याची नळी होती.

मस्टँगने मात्र अखंड ॲक्सल बराच काळ सोडला नाही. 1979 मध्ये पाटे जाऊन चार भुजा आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. वरच्या दोन भुजा तिरप्या ठेवून त्यांच्याकडून पिळवट आणि आडवी हालचाल, दोन्ही रोखायचे ठरले. रबरी बुश मऊ असेपर्यंत हे निभते. ट्रॅकसाठी कडक बुश घातले की वळणात भुजा एकमेकींना अडवू लागतात आणि पकड अचानक सुटते. म्हणून त्या गाड्यांचे जाणते मालक पॅनहार्ड दांडा आधीच बसवून घेत होते. 1999 च्या मस्टँग कोब्रामध्ये मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले, तर सरळ रेषेतल्या शर्यतीच्या शौकिनांनी ते काढून पुन्हा अखंड ॲक्सल घातला. 2005 साली कंपनीनेच तीन भुजा आणि पॅनहार्ड दांडा दिला. 2015 पासून सर्व मस्टँगना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले.

आता त्या दुफाट्यावर आपण परत येऊ. एक मीटर लांबीचा, आडवा समतल असलेला पॅनहार्ड दांडा चाक 50 मिलिमीटर वर गेल्यावर ॲक्सलला जेमतेम सव्वा मिलिमीटर बाजूला नेतो. ही चूक क्षम्य आहे. पण आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली आणली की दांडा तिरपा होतो, ॲक्सल कायमचा एका अंगाला सरकतो आणि डाव्या-उजव्या वळणांत गाडीचे वागणे वेगळे होते. म्हणून गाडी खाली आणणाऱ्याने आधी चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि बुश, मग लांबी बदलता येणारा दांडा आणि त्याचे टोक योग्य उंचीवर आणणारा ब्रॅकेट घ्यावा. बहुतेकांना एवढे पुरते. वॅटची जोडणी जड आणि महाग असते, पण दोन्ही वळणांत ती सारखी वागते. ॲस्टन मार्टिनच्या डीबी 4 ने ती वापरली होती आणि पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या अखंड ॲक्सललाही 2022 पासून तीच आहे. ट्रॅकवर वरचेवर जाणाऱ्याने ती घ्यावी, असे माझे मत. घेताना तिच्या आखूड पट्टीची मधली खीळ वरखाली करता येते का, हे पाहावे: खीळ वर नेली की गाडी कमी झुकते, पण मागची पकड लवकर सुटते, खाली आणली की झुकते जास्त आणि पकड टिकते. ओल्या रस्त्यावरून घरी परतायचे असेल तर ती खालीच बरी.