टीबीची औषधं सुरू असतानाही रुग्ण का दगावतात?

टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन एकेकाळी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तयार होत असे. आज साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात हा उपचार मोफत मिळतो. तरीही उपचार सुरू झालेले काही रुग्ण दगावतात. यातले बरेच मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात धोका वाढवणारी कारणं कोणती?

उशिरा निदान
खाडा पडला की पगार कापला जातो. त्यामुळे कंत्राटी कामगार मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणून दिवस ढकलतात. तोवर फुप्फुसांचं मोठं नुकसान झालेलं असतं.

कुपोषण
मृत्यूचा धोका वाढवणारं हे सर्वात मोठं कारण आहे. झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

सोबतचे आजार आणि व्यसनं
मधुमेह आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटते. म्हणून प्रत्येक टीबी रुग्णाची या दोन्हींसाठी तपासणी केली जाते. दारूमुळे यकृतावर ताण येतो आणि गोळ्यांचा त्रास वाढतो. फाउंड्रीतल्या वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस झालेल्या कामगारांना टीबीचा धोका जास्त असतो आणि तो बरा होणंही अवघड जातं.

अर्धवट उपचार
महिनाभरात खोकला थांबतो, ताप जातो आणि गोळ्या सुटतात. काही जण गावी जातात, काही कंपनी बदलतात. भोसरी महापालिकेच्या हद्दीत येते, तर चाकण खेड तालुक्यात. घर किंवा काम बदललं की दवाखानाही बदलतो. अशा वेळी 'निक्षय' नोंदणी क्रमांक दाखवून उपचार दुसरीकडे, अगदी दुसऱ्या राज्यातही, पुढे सुरू ठेवता येतो. मध्येच औषध सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

मृत्यू कसे टाळता येतील?
तामिळनाडूने २०२२ मध्ये एक सोपी पद्धत सुरू केली. निदान होताच रुग्णाचं वजन, श्वासाची स्थिती आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का, हे तपासायचं. प्रकृती गंभीर असेल तर त्याला लगेच रुग्णालयात दाखल करायचं.

घरच्यांनीही हीच लक्षणं ओळखावीत. धाप लागणं, पायांवर सूज, उभं राहता न येणं, वजन घटत राहणं किंवा डोळे पिवळे होणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. मोफत हेल्पलाइन: १८००-११-६६६६.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी लगेच करून घ्या.