तंबाखूमुक्ती व तलफ (हिंगोली जिल्हा)
तंबाखू किंवा विडी-सिगारेट सोडल्यावर निकोटिनअभावी होणारा त्रास व त्यावरील उपाय. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यासाठी राज्याचे चित्र ध्यानात घ्यावे लागते : २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणून विडीपुरता विचार तोकडा पडतो. तळहातावर चुना लावून मळलेल्या चिमटीतही तेच निकोटिन असते. शेवटच्या सेवनानंतर काही तासांत चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते, भूक वाढते. पहिले तीन दिवस सहसा सर्वांत अवघड. पुढे दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढता आला की पुष्कळ झाले. निकोटिनचा च्युइंगम (२ व ४ मिग्रॅ.) साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. झिणझिण्या आल्या की तो गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून धरावा. च्युइंगम घेण्याआधी पंधरा मिनिटे कॉफी वा शीतपेय घेऊ नये, निकोटिन नीट शोषले जात नाही. समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.